मुलांचं पथक घेऊन गोव्यात दौरा: शाळा, चर्च आणि मधला रस्ता

पाऊस सरला की गोव्यात वाड्यावाड्यांवरची मुलांची पथकं बाहेर पडतात. नाटुकली, समूहगीत, फुगडी, घुमटवादन (घुमट म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं वाद्य), जे बसवलं असेल ते घेऊन शाळांत जातात, चर्चच्या हॉलांत जातात. यातल्या बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी तासाभराचा कार्यक्रम बसवतात, मग गाडी ठरवतात आणि शेवटी शाळांना फोन करतात. शाळा म्हणते पस्तीस मिनिटं देतो. फादर म्हणतात हॉल त्या दिवशी लग्नाला दिलाय. मग गाडीतच प्रवेश गाळायला बसायचं, आणि ज्या मुलाचा प्रवेश गाळला ते मूल दिवसभर तोंड पाडून बसतं.

आधी तारीख, मग जागा, मग प्रयोग आणि त्यानंतर गाडी. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. दहा ते अठरा वयाची बारा-पंधरा मुलं आणि सकाळी निघून रात्री घरी परतायचा दौरा असं धरून लिहिलं आहे.

१. तारीख: दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

एक शाळेचं, दुसरं चर्चचं. दोन्हीकडे मोकळे असलेले दिवस वाटतात त्यापेक्षा कमी निघतात.

शाळांना चतुर्थीची सुट्टी असते, मग दिवाळीची, मग नाताळची. नोव्हेंबर ते जानेवारी हा स्नेहसंमेलनांचा हंगाम. तो टाळू नका. अनेक शाळांत तेव्हा मांडव किंवा व्यासपीठ आधीच उभं असतं, ते एक दिवस आधी किंवा नंतर मागता येतं. मार्चमध्ये परीक्षा असतात आणि माध्यमिकचं नवं वर्ष आता एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यामुळे फेब्रुवारीनंतर मुख्याध्यापकांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

चर्चकडे पाहायचं ते असं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासाचा काळ. तेव्हा नाच-गाण्याचा कार्यक्रम मागूच नका. ही तारीख दरवर्षी सरकते, २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. जुन्या गोव्याच्या फेस्ताचे (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या उत्सवाचे) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होतात आणि फेस्त ३ डिसेंबरला असतं. त्या दिवसांत तिसवाडी तालुक्यातले फादर आणि तिथले रस्ते, दोन्ही मोकळे मिळत नाहीत. शिवाय प्रत्येक गावाचं स्वतःचं फेस्त असतं, ते तिथे विचारूनच कळतं.

माझ्या मते दिवाळीची सुट्टी संपल्यापासून २० नोव्हेंबरपर्यंतचे दिवस आणि ७ जानेवारीपासून कार्निव्हालपर्यंतचे (राखेच्या बुधवाराआधीच्या उत्सवापर्यंतचे) दिवस सर्वांत चांगले.

इशारा: कार्निव्हाल आणि शिगमोच्या (होळीच्या सुमाराच्या उत्सवाच्या) मिरवणुकीच्या दिवशी पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा या शहरांत दुपारनंतर रस्ते बंद होतात. त्या संध्याकाळी शहर ओलांडून जायचा प्रयोग लावू नका.

२. भेट: फोनवर होकार घेऊ नका

शाळेत मुख्याध्यापकांना भेटा आणि त्यांच्याकडूनच विचारून घ्या की त्या दिवशी पथकाकडे कोण शिक्षक पाहणार. पुढचं सगळं त्या बाईंशी किंवा सरांशी बोलायचं. चर्चमध्ये विगार फादरांना (चर्चच्या मुख्य धर्मगुरूंना) भेटा, पण मिसा (चर्चमधली प्रार्थना) संपल्या संपल्या पायरीवर गाठू नका. तेव्हा त्यांच्याभोवती दहा माणसं असतात आणि "येस, येस, यू कम" एवढंच हाती लागतं. कार्यालयाची वेळ विचारून जा. गावातल्या चर्चच्या युवा गटातला एखादा मुलगा किंवा मुलगी सोबत असली तर बोलणं लवकर पुढे सरकतं.

सोबत एका पानाचं पत्र न्या. त्यात कार्यक्रम कशाचा आहे, किती मिनिटांचा, किती मुलं आणि किती मोठी माणसं येणार, काय हवं (जागा, पाणी, कपडे बदलायला खोली, एक सॉकेट) आणि काय नको (मानधन, हारतुरे, भाषणं) हे लिहा. संहिता जोडा. संहितेत एखाद्या धर्माची कथा, दारू, मारहाण, पक्षाचं राजकारण असं काही असेल तर त्या पानावर खूण करून दाखवा. संहिता आधी वाचलेला मुख्याध्यापक पुढे कुणी तक्रार केली तर तुमच्या बाजूने बोलतो.

पैशाचं तिथेच स्पष्ट करा. शाळेत मुलांकडून वर्गणी घ्यायची नाही. चर्चमध्ये फादरांनी स्वतः सुचवल्याशिवाय डबा फिरवायचा नाही.

तपासा: तारीख, वेळ, जागा आणि संपर्काची व्यक्ती या चार गोष्टी लेखी मिळाल्या का? व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज चालेल, तोंडी होकार चालणार नाही.

३. पाहणी: ज्या वेळी प्रयोग, त्याच वेळी जा

हा टप्पा सगळे गाळतात. दौऱ्यात जे काही बिघडतं त्यातलं बरंचसं इथे सापडलं असतं, म्हणून मी याबद्दल जास्त लिहितो आहे.

सकाळी साडेनऊचा प्रयोग असेल तर सकाळी साडेनऊला जाऊन उभे राहा. शाळेच्या पटांगणात तेव्हा ऊन कुठून येतं? प्रेक्षक मुलांच्या डोळ्यांवर ऊन असेल तर दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होते आणि चांगला नटही त्यांना धरून ठेवू शकत नाही. अशा वेळी प्रेक्षकांची पाठ उन्हाकडे करा आणि तोंडावरचं ऊन तुमच्या मुलांनी सोसावं. त्याहून बरं म्हणजे इमारतीची सावली पाहा.

टेप घेऊन जा आणि जागा मोजा. सगळ्या ठिकाणांतली सर्वांत लहान जागा किती हे लिहा. साधारण चार मीटर बाय तीन मीटर हाती लागते. तेवढाच चौकोन तुमच्या तालमीच्या जमिनीवर खडूने आखायचा आणि सगळा प्रयोग त्यातच बसवायचा.

एक टाळी वाजवा. चर्चच्या उंच छपराखाली तिचा नाद रेंगाळतो. तिथे माइकवर भरभर बोललेला संवाद मागच्या बाकापर्यंत नुसता गोंगाट होऊन पोचतो. अशा जागी वाक्यं छोटी करा, प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यायला लावा आणि माइक असला तरी आवाज फेकायची सवय मोडू नका.

सॉकेट पाहा. वर्गांत बहुतेकदा लहान पिनेचं असतं आणि साउंडवाल्याची पिन मोठी असते. दोन्हींना चालणारी जोडणी आणि वीस मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड सोबत लागतो. तार दारातून जात असेल तर ती चिकटपट्टीने जमिनीला बसवावी लागेल, तेही लिहून ठेवा.

मुलींना कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का? शौचालयात पाणी आहे का? गाडी आत वळते का, की वाटेवरच सामान उतरवून अर्धा किलोमीटर चालायचं?

चर्चमध्ये आणखी एक गोष्ट फादरांना विचारा, कार्यक्रम नेमका कुठे. हॉलमध्ये, पटांगणात की आत? आत असेल तर वेदीची पायरी ही रंगमंच नव्हे. तिच्यावर चढायचं नाही, तिथे सामान ठेवायचं नाही, तिच्याकडे पाठ करून गोंधळ घालायचा नाही. त्यांनी दाखवलेल्या रेषेच्या अलीकडेच उभं राहायचं. मुलांना हे जागेवर नेऊन सांगता आलं तर उत्तम, नाहीतर फोटो काढून तालमीत दाखवा. संध्याकाळी प्रार्थनेची घंटा किती वाजता होते तेही विचारून ठेवा. घंटा वाजली की लोक थांबतात, तेव्हा तुमचं घुमट वाजत असू नये.

इशारा: उघड्यावर स्पीकर लावायला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो चालतच नाही. शाळा आणि इस्पितळाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र धरतात. गोव्यात चर्चला लागूनच शाळा असते हे लक्षात ठेवा. अर्ज यजमानांच्या नावाने करायला सांगा आणि प्रत गाडीत ठेवा. शाळेच्या सभागृहात तर स्पीकर नसलेलाच बरा.

४. प्रयोग: तीन लांबीचे

शाळेचा एक तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. तीनशे मुलं रांगेने येऊन बसायला पाच-सात मिनिटं, उठून जायला तेवढीच. उरली बावीस-तेवीस मिनिटं. एवढं गणित केलं तरी संहिता कापायचं भांडण संपतं.

एकाच प्रयोगाच्या तीन आवृत्त्या तयार ठेवा: १२ मिनिटांची परिपाठासाठी, २२ मिनिटांची शाळेच्या तासासाठी, ४० मिनिटांची चर्चच्या संध्याकाळसाठी. कापताना अख्खा प्रवेश काढा. भरभर बोलून वेळ वाचवायचा प्रयत्न मुलं आपणहून करतात आणि त्यात विनोद मरतो, गाणं धावतं. २२ मिनिटांची आवृत्ती आधी पक्की करा. बाकी दोन्ही तिच्यातून निघतात.

प्रत्येक भूमिका दोघांना पाठ हवी. दौऱ्याच्या सकाळी एखादं मूल तापाने आडवं पडणारच. रंगीत तालमीत अचानक एकाला बाजूला बसवा आणि प्रयोग पुढे रेटा. मुलांना ही तालीम आवडते, आणि प्रवेश अडला की एकमेकांना सावरून घ्यायची कला त्यातूनच येते.

पडदा, विंग, दिवे यांच्यावर टेकलेला प्रवेश दौऱ्याला घेऊ नका. कपडे प्रेक्षकांसमोरच बदला: ओढणी डोक्यावर घेतली की आजी, कमरेला बांधली की मासे विकणारी. शाळेतल्या मुलांना हा बदल डोळ्यांदेखत झालेलाच जास्त भावतो.

भाषेचं. आपल्यापैकी अनेक पथकं मराठीत बसवतात आणि तसंच सगळीकडे नेतात. डिचोली, सत्तरी, पेडण्यातल्या प्राथमिक शाळांत ते उत्तम चालतं. मडगावच्या बाजूला सासष्टी तालुक्यातल्या चर्चच्या हॉलमध्ये चालत नाही. तिथे संवाद कोंकणीत हवेत आणि तेही तिथल्या कानाला लागतील असे. गाणी मराठीत राहिली तरी लोक प्रेमाने ऐकतात. फोंडा-डिचोलीच्या पथकाने आपली कोंकणी त्या भागातल्या एखाद्या मुलाला वाचून दाखवावी. एक-दोन शब्द तो बदलून देईल आणि तेवढ्यानेच हॉल तुमचा होतो.

नमनाबद्दल. कार्यक्रमाची सुरुवात गणेशवंदनेने करायची आपली रीत आहे. चर्चमध्ये ती गुपचूप गाळू नका आणि न विचारता गाऊही नका. फादरांना पहिल्या भेटीतच विचारा. ते नको म्हणाले तर घुमटाच्या वादनाने सुरुवात करा. चतुर्थीच्या आरतीला आणि मांडोला (गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाच्या गाण्याला), दोन्हीकडे वाजणारं वाद्य आहे ते, त्याने कुणाला परकं वाटत नाही.

तपासा: खडूच्या चौकोनात, माइकशिवाय, एक मूल कमी असताना २२ मिनिटांत प्रयोग संपतो का? नसेल तर गाडी ठरवू नका.

५. पालक आणि सोबतची मोठी माणसं

प्रत्येक मुलामागे एक संमतीपत्र. त्यात ठिकाणं, निघायची आणि परतायची वेळ, दोन फोन नंबर, ॲलर्जी, चालू औषधं, गाडी लागते का, काय खात नाही आणि फोटो काढायला हरकत आहे का हे असावं. पालकांनी लिहून दिल्याशिवाय कोणतीही गोळी द्यायची नाही, उलटीचीसुद्धा नाही.

सहा-सात मुलांमागे एक मोठं माणूस आणि मुली असतील तर किमान एक बाई. ती वाद्य वाजवणारी किंवा हिशेब पाहणारी नको, तिचं काम मुलींकडे पाहणं एवढंच. कोणतंही मूल एका मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीत एकटं राहणार नाही, हा नियम पथकाच्या प्रमुखालाही लागू. गोव्यात २००३ चा बाल कायदा आहे आणि देशभर २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. एखाद्या मुलाने काही वाईट घडल्याचं सांगितलं तर ते आपसात मिटवायचं नसतं, पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या आणि १०८ रुग्णवाहिकेचा.

६. गाडी आणि रस्ता

सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर पंधरा जणांना पुरत नाही, कारण सामानही माणसाएवढीच जागा घेतं. एक आकार मोठी गाडी घ्या. पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतील तीच गाडी भाड्याने घ्या. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो. विमा, परमिट, फिटनेस या कागदांचे फोटो आदल्या आठवड्यात मागून घ्या. शाळेचा बालरथ मिळेल असं धरून चालू नका, तो त्या शाळेच्या मुलांची ने-आण करायला असतो.

मुलं सोबत असताना तासाला तीस किलोमीटर धरा. फोंड्याहून काणकोणच्या चावडी या मुख्य ठिकाणापर्यंत पन्नासच्या वर किलोमीटर होतात: बोरी पूल, मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी आणि मग करमल घाट. म्हणजे दोन तास. घाटात मुलांना गाडी लागतेच. ज्यांना लागते त्यांना पुढे बसवा, खिडकीशी. तेलकट नाश्ता घाट उतरल्यावर द्या. मोबाईल पाहणं घाटात बंद. पर्वरी आणि भोम या दोन ठिकाणी सकाळी गाड्या तुंबतात, तिथून जायचं असेल तर आणखी अर्धा तास वाढवा.

दिवाडी बेटावर जायचं असेल तर फेरीबोट हाच रस्ता. मोठी बस बोटीत चढेल का आणि शेवटची बोट किती वाजता, हे धक्क्यावर जाऊन विचारा. चढताना-उतरताना मुलं गाडीतून खाली, मोठ्या माणसांबरोबर.

इशारा: दिवसाला दोनच प्रयोग. तिसरा कुणी कितीही प्रेमाने मागितला तरी नाही म्हणा. तिसऱ्या प्रयोगाला आवाज बसतात आणि परतीच्या रस्त्यावर चालकही थकलेला असतो.

७. सामान भरणं

जे शेवटी लागणार ते आधी भरायचं. कपड्यांना प्रत्येकाची वेगळी पिशवी आणि तिच्यावर नाव. नेपथ्याचं एकही सामान दोन मुलांना उचलता येणार नाही इतकं जड नको. मधली वाट आणि मागचं दार मोकळं. टपावर काही बांधायचं नाही.

घुमट कसं न्यायचं हे नीट सांगायला हवं, कारण दरवर्षी कुठल्या तरी पथकाचं फुटतं. ते मातीचं आहे. दोन घुमटं एकमेकांना टेकली की खड्ड्यात एक जातंच. प्रत्येक घुमट जुन्या चादरीत दोन वेढे गुंडाळा, चामड्याची बाजू वर ठेवा आणि रिकाम्या टायरमध्ये किंवा उपरण्याच्या चुंबळीवर बसवा, सीटखाली, चाकावर नव्हे. आत कपडे कोंबू नका, दमट कपड्याने चामडं आतून सैल पडतं. पोचल्यावर लगेच बाहेर काढा आणि कोवळ्या उन्हात दहा मिनिटं ठेवा. बोट मारल्यावर नाद कोरडा, टणक आला की तयार. जोडीला एक जादा घुमट न्या. चामडं बकऱ्याचंच हवं. घोरपडीचं चामडं वन्यजीव कायद्याने बंद आहे, आणि ते घेऊन शाळेत जाणं मुलांसमोर शोभतही नाही.

८. प्रयोगाचा दिवस

सकाळी काणकोणात शाळा आणि संध्याकाळी कुंकळ्ळीकडे चर्चचा हॉल, असा दिवस धरू.

५:४५ ला सगळे फोंड्यात एका ठरलेल्या ठिकाणी. मुलांना एक ते पंधरा क्रमांक द्या, गाडीत चढल्यावर त्यांनी स्वतः क्रमाने ओरडायचं. डोकी मोजण्यापेक्षा हे पक्कं, कारण कोण नाही ते लगेच कळतं. ६:०० ला निघा. ८:०० पर्यंत चावडी, तिथे पाव-भाजी आणि चहा. ८:४५ ला शाळेत. आधी मुख्याध्यापकांना नमस्कार, मग सामान. ९:३० ला प्रयोग. संपल्यावर पाच मिनिटं मुलांशी बोलायला ठेवा. आपल्या मुलांना वाद्यं दाखवू द्या, शाळेतल्या पोरांना घुमटावर एक थाप मारू द्या. दौऱ्यातलं सर्वांत मोलाचं काम त्या पाच मिनिटांत होतं.

दुपार हा सगळ्यात धोक्याचा वेळ. पाळोळ्याचा किनारा जवळ आहे आणि मुलं तिकडेच पाहणार. पाण्यात जायचं नाही, हे घरून निघतानाच पालकांसमोर सांगा. शाळेकडे एक रिकामा वर्ग मागा, जेवण तिथेच करा, तासभर सगळे आडवे. जेवण साधं आणि शाकाहारी ठेवा. सोमवार, श्रावण, उपवासाचा शुक्रवार, कुणाचं काही ना काही असतं, त्याने वाद उरत नाही.

३:३० ला निघा. ५:०० पर्यंत हॉलवर. अंगभर कपडे घालून आत जायचं, गुडघे आणि खांदे झाकलेले. नाचाचा पोशाख हॉलमागे बदलायचा. ६:३० ला सुरुवात असेल तर ६:०० ला सगळ्यांचं पाणी, शौचालय आणि मग दहा मिनिटं शांत बसणं. फादर किंवा कुणी वडीलधारी बोलायला उभे राहतील, तेव्हा तुमची मुलं ऐकताना दिसायला हवीत. ७:१५ ला शेवट. यजमानांनी खाणं ठेवलं असेल तर अर्धा तास थांबा, न खाता निघणं त्यांना लागतं.

तपासा: हॉल सोडण्याआधी एका मोठ्या माणसाने मागे राहून खोली, शौचालय आणि सॉकेट पाहायचं. विसरलेल्या वस्तूंत चार्जर आणि मुलींचे दागिने पहिले.

९. परतल्यावर

मूल पालकाच्या हाती दिल्याशिवाय यादीवर खूण करायची नाही. "तो कोपऱ्यावर उतरतो नेहमी" हे चालणार नाही. चालकाचं जेवण आणि भत्ता त्याच रात्री द्या.

दुसऱ्या दिवशी घामाचे कपडे आणि घुमटांच्या चादरी उन्हात घाला. शाळेतल्या बाईंना आणि फादरांना स्वतः फोन करा, मेसेज नको. कुणा मुलाचा घसा बसला, कुठला प्रवेश लांबला, कुठे सॉकेट नव्हतं हे ठिकाणाच्या नावाखाली त्याच वहीत लिहा ज्यात पाहणीची मापं आहेत. फोटो टाकण्याआधी संमतीपत्रं पुन्हा उघडा. शाळेतल्या प्रेक्षक मुलांचे चेहरे दिसणारे फोटो मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय कुठेच टाकू नका.